वंगणवाल्याचा कागद

मशीन बंद पडलं की फिटरला बोलावतात. दिवे गेले की वायरमनला बोलावतात. मशीन नीट चालू असेल तर कोणीच कोणाला बोलावत नाही, आणि मी आयुष्यभर त्याच खात्यात काम केलं. आधी गिरणीत ऑइलर, मग छापखान्यात वंगणवाला. मी मशीनला तेल घालतो म्हटलं की चाळीतली पोरं हसायची. "काका, सायकलला घालतात तसं?" हो बाबांनो, तसंच. फक्त ही सायकल काही टनांची असते, आणि तुम्ही चुकलात तर ती तुमच्या अंगावर पडेलच असं नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असा संपादकांचा निरोप आला तेव्हा आमची मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिहा, पण त्यांच्या कागदावर तेलाचे डाग नका पाडू." बायको आहे माझी. चाळीस वर्षं माझे शर्ट धुतलेत तिने, तिला बोलायचा हक्क आहे.

लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात मी लागलो तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं. साचा म्हणजे माग. एका छपराखाली शेकडो साचे एकदम धडाडत असायचे आणि त्या प्रत्येकाला ठरावीक जागी, ठरावीक वेळी तेलाचा थेंब द्यायचा. हातात लांब चोचीची बुधली. थेंब कमी पडला तर लोखंड लोखंडाला खातं. जास्त पडला तर उडून कापडावर जातो, आणि कापडावर डाग म्हणजे आमचं मरण. मुकादम ताग्याचा तो तुकडा सगळ्यांसमोर नाचवायचा. "हे बघा, ऑइलरसाहेबांनी रांगोळी काढली!"

मला काम शिकवलं पारकरमामांनी. आमच्याच मालवणकडचे, खात्यातले सगळ्यात जुने ऑइलर. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या उजव्या हातात बुधली दिली आणि डाव्या हातात वेस्टचा बोळा, म्हणजे सुताच्या गुंत्याचा पुसायचा गोळा. म्हणाले, "उजवो हात इसारलो तरी चलात. डावो इसारता नये." म्हणजे तेल घालायचं राहिलं तर मागाहून घालता येईल, पण सांडलेलं तेल त्याच क्षणी पुसलं पाहिजे. ते माझ्या अंगात इतकं मुरलं की मंदाने आमटी वाढताना ताटाबाहेर थेंब सांडला तर माझा डावा हात माझ्याआधी पोचायचा.

मामांनी आणखी एक शिकवलं, ऐकायला. लाकडी दांडक्याचं एक टोक बेअरिंगच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या कवचावर टेकवायचं आणि दुसरं कानाच्या हाडावर. बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्यांच्या मधे फिरणाऱ्या गोळ्या. निरोगी असेल तर नुसती घरघर ऐकू येते. मधेच वाळूत पाय पडल्यासारखं आलं की समजायचं, याचे दिवस भरत आले. हे कुठल्या पुस्तकात होतं की नाही ते आम्हाला काय ठाऊक? पुस्तक आम्हाला कोणी दाखवलंच नाही.

खंडेनवमीला खात्यात पूजा व्हायची. पाटावर विणकरांचे धोटे, फिटरचे पाने, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. बुधली मात्र पाटावर नाही. पाटावर पांढरा कपडा असायचा ना, डाग पडेल. मामा आपली बुधली पाटाच्या खाली जमिनीवर ठेवायचे, खिशातून स्वतःचं एक फूल काढायचे आणि तिच्यावर वाहायचे. मला तेव्हा त्याचा फार राग यायचा. मामांना येत नसे, किंवा दाखवत नसत.

मग संप झाला. त्यावर मोठ्या माणसांनी पुष्कळ लिहिलंय, मी माझ्यापुरतं सांगतो. भोंगा बंद झाला तेव्हा वाटलं, महिना दोन महिने. मग गणपती गेले, दिवाळी गेली, पुढचे गणपती आले. मामा गावी गेले ते परत आलेच नाहीत. मंदा साड्यांना फॉल लावायला लागली. आणि मी नोकरी शोधायला लागलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी कोणीच नाही.

विणकर सांगू शकत होता, मी विणकर. फिटरकडे आयटीआयचा कागद होता. मला विचारायचे, "काय येतं?" मी म्हणायचो, "वंगणाचं काम." "म्हणजे?" "मशीनला तेल घालायचं." यावर प्रत्येक ठिकाणी तेच एक वाक्य ऐकलं. "ते तर कोणालाही येतं." कागद काय आहे, विचारायचे. माझ्याकडे गिरणीचा पास होता, फोटोवाला. त्या फोटोतसुद्धा माझ्या कॉलरवर डाग आहे.

शेवटी लोअर परळला एका औद्योगिक वसाहतीतल्या छापखान्यात हेल्पर म्हणून लागलो. कागदाचे रीळ ढकलायचं काम. तिसऱ्या दिवशी मोठ्या मशीनजवळून जाताना पावलं आपोआप थांबली. कोपऱ्यात झाडूचा दांडा होता, तो उलटा करून बेअरिंगला लावला, कानाला लावला आणि मॅनेजरला जाऊन सांगितलं, "साहेब, डावीकडचं तिसरं बेअरिंग आठवडाभरात जाणार." मॅनेजर होते गुप्तेसाहेब, कडक माणूस. म्हणाले, "तू डॉक्टर आहेस?" पण दुपारी खोलून बघितलं. गोळ्यांवर खड्डे पडले होते. त्यांनी मला तिथेच ग्रीस गन हातात दिली. तेव्हापासून मी वंगणवाला. तो दिवस मी मंदाला इतक्यांदा सांगितलाय की आता झाडू हातात घेतला की ती हसते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या माणसाकडे येतो. हिराजी कोळी. वरळी कोळीवाड्यातला, वडिलांची होडी होती, पण हा आयटीआय करून फिटर झाला. छापखान्यात आमच्यानंतर आला आणि आल्या आल्या माझ्या वर बसला. हात मात्र सोन्याचा. बेअरिंग बसवताना कधी हातोडा मारायचा नाही. आधी तेलात गरम करायचा, मग दोन हातांनी अलगद सरकवायचा, लहान मूल पाळण्यात ठेवावं तसं. त्याचं तोंड मात्र सोन्याचं नव्हतं. "अंत्या, तुझं बरं आहे रं. पिचकारी मारायची नि पगार घ्यायचा!" सगळा छापखाना मला पिचकारीवाला म्हणायला लागला. मी पण सोडत नव्हतो, त्याला कागदवाला म्हणायचो. डबा मात्र एकत्र खायचो. त्याच्या घरचं सुकटीचं कालवण आणि आमच्या घरची सोलकढी, अदलाबदल ठरलेली. मंदा म्हणायची, नवराबायको परवडले तुमच्यापेक्षा.

एकदा ऐन सीझनमध्ये, कॅलेंडरं आणि दिवाळी अंक मशीनवर चढलेले असताना, मोठ्या मोटरचं बेअरिंग बदलायचं निघालं. नवं बेअरिंग मशीनच्या परदेशी कंपनीकडून आलं होतं, बरोबर एक नळी ग्रीस. निळं होतं ते. मी पहिल्यांदाच निळं ग्रीस बघत होतो. हिराजीने बेअरिंग बसवलं, मी शेजारी उभा राहून शेवटपर्यंत बघितलं. गरम केलं, सरकवलं, निळं ग्रीस भरलं, झाकण लावलं. एक खोट काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी फेरी होती. नवं बेअरिंग, म्हणजे जास्त लाड. मी माझी गन लावली आणि आमचं नेहमीचं ग्रीस दिलं. मधासारख्या रंगाचं, जे आम्ही सगळ्याच मशीनना घालायचो. गिरणीत एकच ड्रम होता आणि एकच तेल. तेल ते तेल, ग्रीस ते ग्रीस, आम्हाला दुसरं कोणी सांगितलंच नव्हतं. तक्त्यावर बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो. पुढच्या फेरीला परत दिलं.

काही दिवसांनी सकाळी मोटरखाली जमिनीवर ओघळ दिसला. पातळ, हिरवट. डोळ्यांनी बघितला, पण डोकं तिथपर्यंत पोचायच्या आत डावा हात पोचला. बोळ्याने लख्ख पुसून टाकलं. परत दोन दिवसांनी तेच, परत पुसलं. स्वच्छ जमीन बघून वर स्वतःवर खूशही झालो. आणि मग एका दुपारी मोटर किंचाळली आणि जाम झाली.

मशीन ठप्प. ऑफिसात अंकवाल्यांचे फोनवर फोन. गुप्तेसाहेबांनी मोटर खोलायला लावली. बेअरिंग जळून काळंनिळं पडलेलं, आत ग्रीस जवळजवळ नव्हतंच. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "घाडी, ग्रीस दिलं होतंस?" मी तक्ता पुढे केला. "दिलं साहेब. भरपूर दिलं." तक्त्यावर खुणांची रांग होती. साहेब हिराजीकडे वळले. "मग बेअरिंग वाकडं बसवलंस तू. हातोडा मारलास."

"नाही मारला साहेब. गरम करून बसवलाय. हा अंत्या उभा होता तिथं, विचारा त्याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय बोललो ते शब्दन् शब्द मला पाठ आहे. मी म्हणालो, "साहेब, मला फिटिंगमधलं काय कळतं? माझ्याकडे कुठं कागद आहे?"

लोक हसले. दोन वर्षांचं पिचकारीवाला, पिचकारीवाला मी एका वाक्यात वसूल करून घेतलं. हिराजी हसला नाही. गुप्तेसाहेबांनी वर मीठ चोळलं, "आयटीआय म्हणे! तो कागद आता होडीवर चिकटव." त्याच आठवड्यात त्याला काढला. फाटकाशी तो माझ्याजवळ थांबला. भांडेल असं वाटलं होतं. नुसतं म्हणाला, "तू बघितलं होतंस ना रं?" मी बोळ्याने हात पुसत राहिलो. हात स्वच्छच होते.

घरी मंदाला सांगितलं तर ती पोळपाट बाजूला ठेवून उभी राहिली. चिडली की ती मालवणीवर येते. "तुमी बगितल्यात ना? मगे तोंड कित्याक नाय उघडल्यात?" मी म्हणालो, बेअरिंग गेलं म्हणजे काहीतरी चुकलंच असणार त्याचं. "काहीतरी म्हंजे काय?" त्यानंतर आमच्या घरात सोलकढी बरेच दिवस झाली नाही.

वर्षं गेली. गुप्तेसाहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी देसाईसाहेब आले. आमच्या आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. छापखाना आता औषधांची खोकी छापायला लागला होता, परदेशी गिऱ्हाइकं होती. त्यांची माणसं तपासणीला आली. त्यातल्या एकाने माझ्या ग्रीसच्या डब्यांकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण बघतं? त्याचं सर्टिफिकेट कुठे आहे?" देसाईसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "घाडीमामा, वंगण तंत्रज्ञाची परीक्षा असते. ती द्यावी लागेल. नाही झालात पास तर हे काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं म्हणतायत."

निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. शाळा नववीत सुटलेली. आणि परीक्षा इंग्रजीत! खरं सांगतो, घाबरलो. चाळीतल्या एका शहाण्याने विचारलंसुद्धा, "मामा, तेल घालायला परीक्षा? उद्या झाडू मारायला पण घेतील." मी मनात म्हटलं, घ्यावी. चांगला झाडू कोणाला येतो ते कळेल तरी.

आमची स्वाती तेव्हा कॉलेजात होती. तिने माझा अभ्यास घेतला. रोज संध्याकाळी चटईवर बसायचं, ती इंग्रजी शब्द विचारणार आणि मी अर्थ सांगणार. "बाबा, व्हिस्कॉसिटी?" "तेलाचा घट्टपणा. थंडीत वाढतो, गरमीत कमी होतो." "बरोबर! कुठे वाचलंत?" "वाचलं कशाला, तीस वर्षं हाताला लागतंय." शब्द त्यांचा होता, गोष्ट माझी होती. ते जसजसं कळायला लागलं तसतशी भीती गेली. दांडा कानाला लावून ऐकणं पण पुस्तकात होतं! मी स्वातीला ते पान तीनदा वाचायला लावलं. पारकरमामांची फार आठवण झाली.

दादरला तीन दिवसांचा वर्ग होता. शिकवायला लिमयेसर, शिवाजी पार्कला राहणारे निवृत्त इंजिनियर, पांढरे बूट आणि बोलणं छापल्यासारखं. वर्गात सगळे माझ्याहून निम्म्या वयाचे. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "समजा, तुमच्यासमोर बेअरिंग आहे आणि हातात ग्रीस गन आहे. पहिला प्रश्न काय विचाराल?" कोणी म्हणालं, किती घालायचं. कोणी म्हणालं, कधी घालायचं. मी म्हणालो, कुठलं घालायचं.

"नाही," सर म्हणाले. "पहिला प्रश्न, आधी आत काय आहे?"

मग समजावलं. ग्रीस म्हणजे धरून ठेवलेलं तेल. बहुतेक ग्रीसमध्ये ते एका तऱ्हेच्या साबणात धरलेलं असतं, काहींत दुसऱ्याच पदार्थात. काही जाती एकमेकींत मिसळल्या तर चालतं. काही मिसळल्या की धरणारी पकड सुटते आणि तेल वाहून जातं. दोन्ही ग्रीस उत्तम, आणि एकत्र केलं की बेअरिंग उपाशी. मग सरांनी काचेच्या पट्टीवर दोन डबे उघडून थोडं थोडं काढलं. एक मधासारखं आणि एक निळं. चमच्याने घोटलं, खालून गरम केलं. आमच्या डोळ्यांसमोर ते सैल झालं आणि काचेवरून ओघळायला लागलं. पातळ, हिरवट.

मी उभा राहिलो. सर म्हणाले, "काय झालं घाडी? बरं वाटत नाही का?" ओघळ टेबलावर टपकला आणि माझा डावा हात पुसायला पुढे गेला. तो मी उजव्या हाताने धरून ठेवला.

वर्ग संपल्यावर सरांच्या मागोमाग शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत चालत गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "न पाहिलेल्या बेअरिंगविषयी मी छातीठोक बोलणार नाही. पण रंग, ओघळ, आतून संपलेलं ग्रीस, या सगळ्या खुणा जुळतात. तो हिरवा ओघळ कोणी पाहिला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. तुम्हाला माहीत नव्हतं, घाडी. तो दोष शिकवणाऱ्यांचा." ते मी मान्य केलं. ग्रीसचं मला माहीत नव्हतं. पण हिराजीने बेअरिंग कसं बसवलं ते माहीत होतं, आणि ते सांगायला कागद लागत नव्हता.

परीक्षा दिली. पास झालो. आमच्या वर्गात दुसरा आलो, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही, खरं तर जरा मोठ्याने सांगतो. प्रमाणपत्र आलं, वर माझं पूर्ण नाव, अनंत लक्ष्मण घाडी, आणि खाली नंबर. मंदाने ते देवापुढे ठेवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो, कारण डोळे आवरेनात. इतकी वर्षं जे कोणालाही येतं म्हणायचे, ते मला येतं असं कोणीतरी लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी देसाईसाहेबांकडे गेलो. साहेब पेढा खात होते, मीच दिलेला. मी म्हटलं, साहेब, एक जुनी गोष्ट आहे, हिराजी कोळीच्या फिटिंगमध्ये दोष नव्हता असं कंपनीच्या कागदावर लिहून द्या. त्यांचा पेढा हातातच राहिला. "मामा, मी तेव्हा इथे नव्हतो. मी कसं लिहू? आणि हे काय करताय, कालच सर्टिफिकेट मिळालंय, आज स्वतःची चूक लेखी? तपासणीवाल्यांच्या हाती पडलं तर?"

"पडू दे," मी म्हणालो. चार वर्षं नोकरी उरली होती, स्वातीचं कॉलेज होतं.

"तुम्ही खाली जा," साहेब म्हणाले. "मी काही ऐकलं नाही."

मग मीच लिहिलं. साध्या फुलस्केपवर, मराठीत. कुठलं बेअरिंग, कुठलं ग्रीस आत होतं, कुठलं मी घातलं, काय ओघळलं आणि मी काय पुसलं. खाली लिहिलं, बसवणाऱ्याचं काम मी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते चोख होतं. एक प्रत ऑफिसच्या टपालाच्या टोपलीत टाकली. सही करताना पेन थांबलं होतं. आयुष्यभर मी नावापुढे काहीच लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं, वंगण तंत्रज्ञ, आणि पुढे नंबर. याच्यासाठी तर असतो तो नंबर. तुम्ही जे बोललात त्याला तुम्ही बांधील आहात, असं तो सांगतो.

रविवारी मंदाने बरणी भरून सोलकढी हातात दिली. वरळी कोळीवाड्यात हिराजीचं घर शोधायला वेळ लागला नाही. होड्यांच्या इंजिनांची कामं करायचा, सगळे ओळखत होते. दारात जाळं विणत बसला होता, केस पांढरे. मला बघून हात थांबले.

"काय रं पिचकारीवाल्या. वाट चुकलास?"

मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. निळं ग्रीस, माझं ग्रीस, हिरवा ओघळ, बोळा. तो जाळ्याकडे बघत ऐकत होता. मधेच हात वर करून मला थांबवलं आणि घरात हाक मारली. "जना! भायेर ये गो." त्याची बायको पदराला हात पुसत आली. हिराजी मला म्हणाला, "आता बोल. पयल्यापासून. हिला सांग, मला नको. मला माझं काम ठाऊक होतं. हिला लोक विचारायचे, तुझ्या घोवाला का काढला."

मी पहिल्यापासून सांगितलं. बायकोसमोर सांगणं फार अवघड गेलं. शेजारच्या ओट्यावरच्या बाया पण ऐकत होत्या, मी आवाज खाली आणला नाही. सगळ्यांसमोर बोललेलं वाक्य पण सांगितलं, कागद नाही म्हणालो ते. मग फुलस्केप काढून जनावहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश, ओठ हलवत वाचला आणि खालच्या नंबरावर बोट ठेवलं. "हा नंबर कसला?"

"माझा," मी म्हणालो. "मी परीक्षा पास झालोय."

वहिनी आत गेल्या. भिंतीवरची आयटीआयच्या सर्टिफिकेटची तसबीर काढली, मागचे चिमटे सैल केले आणि माझा कागद घडी घालून त्या सर्टिफिकेटच्या मागे सरकवून परत टांगली. बाहेर येऊन म्हणाल्या, "किती वर्सं गेली, माहीत आहे तुम्हाला?" मी सोलकढी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बरणी उचलली आणि आत नेली. एवढंच.

हिराजीने जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "तेव्हापासून बेअरिंग बसवला की मी तीनदा तपासतो. माझाच माझ्यावर भरोसा राहिला नव्हता रं." माफ केलं असं तो म्हणाला नाही, आजपर्यंत म्हटलेलं नाही. उठला, मला घेऊन किनाऱ्यावर गेला. त्याच्या भावाची होडी वर ओढून ठेवली होती. जाळं ओढायच्या रहाटाचं बेअरिंग कुरकुरत होतं. त्याने डब्यातून एक जुनी ग्रीस गन काढली आणि माझ्यापुढे धरली.

"घे. सर्टिफिकेटवाला ना तू? मार पिचकारी."

मी गन घेतली. उजव्या हातात गन, डाव्यात फडका. बेअरिंगच्या कडेला जुनं ग्रीस साचलं होतं, फडक्याने पुसून काढणार तोच थांबलो. फडका खिशात घातला, बोटावर थोडं ग्रीस घेतलं, उन्हात धरून रंग बघितला.

"हिराजी," मी विचारलं, "आधी आत काय घातलंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "हे त्या दिवशी विचारायचं होतंस," तो म्हणाला, आणि डबा शोधायला होडीत चढला.